खरात सिस्टरांची सहल

आमच्या शेजारच्या खरात सिस्टर कंडक्टरचा चेहरा बघून गाडी निवडतात. बसस्टँडवर गेल्या की पाट्या वाचत नाहीत, चौकशीच्या खिडकीकडं फिरकत नाहीत. एक चक्कर मारायची आणि ज्या कंडक्टरचा चेहरा पसंत पडेल त्याच्या गाडीत चढायचं.

"कंडक्टर हसरा पाहिजे," त्या म्हणतात. "तो म्हाताऱ्यांसाठी थांबतो, बायांशी बोलतो, गाडी लई उशिरा पोचती. तेवढंच जास्ती बघायला मिळतं."

गाडी कुठं चाललीय ते त्यांना तिकीट काढल्यावर कळतं. "शेवटच्या स्टॉपचं द्या. अर्धं!" हे 'अर्धं' त्या सगळ्या गाडीला ऐकू जाईल असं म्हणतात. बायकांना अर्धं तिकीट झालं ते जणू त्यांनीच मंजूर करून आणलं.

सिस्टर सरकारी दवाखान्यात बाळंतिणींच्या वॉर्डात नर्स होत्या. लग्न केलं नाही. रिटायर झाल्या त्याच आठवड्यात पिशवी घेऊन निघाल्या, त्या अजून फिरतायत. पिशवीत तीन भाकरी असतात. एक त्यांची, एक शेजारी बसेल तिची आणि एक 'बदलीची', म्हणजे कुणाच्या डब्यातल्या पोळीशी बदलायला. येताना पिशवी भरलेली असते. कधी बोरं, कधी हरभऱ्याचे डहाळे. एकदा कोंबडी आणली. जिवंत. देणारीला नाही म्हणवलं नाही म्हणे. ती कोंबडी अजून आमच्या जिन्यात फिरते.

मी शहागंजात एका टूरवाल्याच्या ऑफिसात काम करते. शेजारधर्म म्हणून एकदा त्यांना केरळच्या सहलीचं माहितीपत्रक दाखवलं. हॉटेल, नाश्ता, जेवण, सगळं त्यातच. त्यांनी चष्मा लावून शेवटपर्यंत वाचलं.

"सकाळी उठवतात किती वाजता?"

"साडेपाचला."

"मग ही तर मॉर्निंग ड्यूटीच झाली की!"

आणि माहितीपत्रक परत दिलं.

अजिंठ्याला मात्र त्या दरवर्षी जातात. एकाच लेण्यात, पहुडलेल्या बुद्धांसमोर तास-दोन तास बसून राहतात. तिथल्या पहारेकऱ्यानं एकदा हटकलं, "बाई, बाकीची लेणी बघायची नाहीत का?" सिस्टर म्हणाल्या, "बाबा, सगळी नोकरी उभ्यानं केली. इतकं शांत निजलेलं माणूस वॉर्डात एकदा बी बघायला मिळालं नाय. बसू दे जरा."

गेल्या थंडीत एका रविवारी मी म्हटलं, मलाही न्या.

त्या दिवशी त्यांनी इस्त्रीची साडी नेसली होती. स्टँडवर एक चांगला हसरा कंडक्टर दारात उभा होता, मी त्यांना कोपरानं खुणावलंसुद्धा. त्यांनी बघितलंही नाही. सरळ गंगापूरच्या गाडीत जाऊन बसल्या. गंगापूरला उतरून जीप पकडली आणि एका आडगावात आम्ही पोचलो. पारावर बसलेल्या आजोबांना त्यांनी विचारलं, "सुमन गायकेचं घर कुठलं?"

सुमनबाई अंगणात शेंगा फोडत बसल्या होत्या. चाळिशीच्या असतील.

"पाणी मिळंल का बाई?" सिस्टर म्हणाल्या. आमची बाटली भरलेली होती, ती मी पिशवीत खाली सरकवली.

"कुठल्या म्हणायच्या तुम्ही?"

"संभाजीनगरच्या. फिरायला आलोत."

"इथं? इथं काय हाय बघायला?" असं म्हणून सुमनबाईंनी शेजारणीला हाक मारली. "अगं ये, आपलं गाव बघायला पाहुण्या आल्यात!"

मग चहा झाला. सिस्टरही शेंगा फोडायला बसल्या. सुमनबाईंची मुलगी नर्सिंगला जायचं म्हणते, मुलगा सायकल मोडून ठेवतो, सगळं कळलं. नवरा बाजारात शेळी आणायला गेला आणि बोकड घेऊन आला, ते सांगताना सुमनबाई इतक्या हसल्या की पदर तोंडात कोंबला. सिस्टर टक लावून बघत होत्या. दोन तासांनी त्या उठल्या. सुमनबाईंनी ओंजळभर शेंगा पिशवीत घातल्या.

जीपच्या रस्त्याला लागल्यावर मी विचारलं, "ओळखीच्या होत्या ना त्या?"

"व्हय. वॉर्डात होती. पहिल्या खेपेला." सिस्टरांनी पिशवी दुसऱ्या हातात घेतली. "बाळ पोटातच गेलं होतं. डिस्चार्ज होईपर्यंत एक शब्द बोलली नाय. नुसता माझा हात धरून बसायची. माझी ड्यूटी संपली तरी सोडायची नाय."

"मग सांगायचं ना त्यांना, तुम्ही कोण ते!"

"कशाला? मला ओळखलं असतं तर आधी तेच आठवलं असतं तिला. चांगली शेंगा फोडत बसलीय बिचारी."

"अशा अजून किती गावांना जाता तुम्ही?"

"जाते मधनंमधनं," त्या म्हणाल्या. "नाव-गाव केसपेपरवर मीच लिहायची. ज्या रिकाम्या हातानं गेल्या, त्यांची ध्यानात राहतात."

लांबून जीप येताना दिसली. सिस्टरांनी हात केला. जीप थांबेपर्यंत त्या तिकडंच बघत होत्या. मग माझ्याकडं न बघताच म्हणाल्या, "हसली की गालाला खळी पडती गं तिच्या. तेव्हा कळलंच नव्हतं."