मुक्या मशीनचा रविवार

शनिवारी रात्री उत्तराला झोप लागली नाही, आणि या वेळी त्यात शुभाच्या खोकल्याचा काही दोष नव्हता. दोष दोन आणि तीन या आकड्यांचा होता. दोन तीनाला आणि तीन दोनाला, की दोन दोनाला आणि तीन तीनाला? चार वर्षांच्या मुलीच्या आईला जागं ठेवायला गोवर, कांजिण्या, शाळाप्रवेश, पाळणाघरवाल्या बाईंचं अधूनमधून गावी जाणं असे एकाहून एक भारी विषय उपलब्ध असतात. ते सगळे सोडून ही बाई दिंडोशीच्या वसाहतीत पंख्याकडे डोळे लावून दोन तारांचा विचार करत पडली होती. (बी.एस्सी., फिजिक्स, सेकंड क्लास. फर्स्ट क्लास मिळाला असता तर कदाचित झोप लागली असती.)

सगळ्याचं मूळ शुक्रवारी दुपारी तिच्याच तोंडून निघालेल्या एका वाक्यात होतं.

अंधेरीच्या एमआयडीसीत बाटल्यांची बुचं बनवणाऱ्या एका कंपनीत ती कॉम्प्युटर विभागात होती. तिथलं मोठं मशीन म्हणजे दोन लोखंडी कपाटं शेजारी शेजारी उभी करावीत एवढं. दहा वर्षांपूर्वी घेतलेलं. सगळ्या खात्यांची माहिती त्याच्या पोटात, पण ती काढायची तर त्याच्याशी एकाच ठिकाणाहून बोलता येई: कन्सोलवरून. म्हणजे एक पडदा आणि एक कीबोर्ड. दसऱ्याच्या आधी त्या पडद्याने मान टाकली. तो वायरसकट दुरुस्तीला गेला आणि तिथून निरोप आला की आता त्याच्यावर पाणी सोडा. मोठं मशीन धडधाकट होतं, पण मुकं झालं.

मग विभागाचे साहेब मधुकर प्रधान यांनी तिला बोलावून अतिशय प्रेमळ आवाजात सांगितलं, "उत्तराबाई, तुम्ही कशाला डोक्याला ताप करून घेता? तुमच्या घरी लहान मूल आहे. मी बाहेरचा माणूस बोलावतो. तुम्हाला टायपिंग सेक्शनला देतो. पाचच्या ठोक्याला सुटका!"

ते खेकसले असते तर ती मुकाट्याने बाहेर आली असती. पण त्या प्रेमळपणाने तिच्या मस्तकात तिडीक गेली. प्रधानसाहेबांच्या घरी तीन मुलं होती. पण ती त्यांच्या कामाच्या आड येतात असं कुणी कधी म्हटलेलं तिने ऐकलं नव्हतं.

"सर," ती म्हणाली, "अकाउंट्सचा तो नवा पीसी आहे ना, तो मी मोठ्या मशीनला जोडून देते. त्याच्याच पडद्यावर कन्सोल चालेल. रविवारी करते. सोमवारी सकाळी चालू दिसलं नाही, तर माझी मी उठून टायपिंगला जाऊन बसेन."

हे कोण बोललं, असं वाटून तिने मागे वळून बघितलं. मागे कुणी नव्हतं.

करायचं होतं ते तसं लहानच होतं. मोठ्या मशीनच्या पाठीला पंचवीस भोकांचं एक सॉकेट होतं. तेच त्याचं तोंड आणि तेच कान. पीसीलाही मागे तसंच, पण पिनांचं. मधे एक वायर हवी. घोळ एवढाच की दोघेही दोन नंबरच्या पिनेवरून बोलतात आणि तीन नंबरच्या पिनेवर ऐकतात. वायर सरळ जोडली तर दोघेही एकाच तारेवर तोंड घालून बोलत राहणार, आणि दुसऱ्या तारेला दोघेही कान लावून बसणार. म्हणून दोन तीनाला आणि तीन दोनाला. हे समजायला उत्तराला पुस्तक लागलं नाही. लग्नाला सहा वर्षं झाली होती.

शनिवारी लॅमिंग्टन रोडवरून तिने सामान आणलं आणि स्वयंपाकघरात पोळपाटावर वायर सोल्डर केली. (रविवारच्या पोळ्यांना कल्हईचा वास आला. नवरा, विद्याधर, म्हणाला, "पौष्टिक असेल.")

रविवारी पाळणाघर बंद. शुभाला विद्याधर सांभाळणार, असं ठरलं होतं. सकाळी पायात चपला सरकवताना तो म्हणाला, "घरी बसून काय सांभाळायचं? आम्हीपण येतो ना तिकडे. तुला मदत होईल."

विद्याधर विमा कंपनीत क्लेम विभागात होता. वस्तू कशी मोडली, यावर उभं आयुष्य शंका घेण्यात गेलेलं. मोडलेली वस्तू दुरुस्त करताना त्याला कुणी पाहिलेलं नव्हतं.

कॉम्प्युटर रूम उघडायला शिपाई दत्ताराम हजर होता. खंडेनवमीचे झेंडूचे हार मशीनवर अजून लोंबत होते. उत्तराने पीसी टेबलावर मांडला, वायर दोन्हीकडे लावली. मशीनच्या बाजूला जरा जोर करावा लागला, पण नवी वस्तू घट्टच असते. कन्सोलचा प्रोग्रॅम फ्लॉपीवरून चढवला आणि मोठ्या मशीनचा खटका ओढला. खोलीभर घुंईऽऽ असा आवाज भरला, दिवे लागले, आणि पीसीच्या पडद्यावर एक हिरवा चौकोन लुकलुकू लागला.

लुकलुकला. लुकलुकत राहिला.

"झालं?" विद्याधरने विचारलं.

"काही आलं नाही."

"बंद करून परत चालू कर."

तिने तेही केलं. पुन्हा लुकलुक.

"आई," शुभा म्हणाली.

"थांब गं. मधे मधे नको."

"उत्तरा, एक विचारू? रागावू नको."

"विचार."

"वायर उलटी तर नाही ना जोडलीस?"

"उलटीच जोडायची असते रे!"

"नक्की ना?"

हे 'नक्की ना' म्हणजे उत्तराची दुखरी नस होती. कुलूप नक्की लावलं ना? गॅस नक्की बंद केला ना? दिवसातून दहा वेळा ती हे स्वतःला विचारायची आणि अकराव्यांदा विद्याधर विचारायचा. तिने डब्याच्या पिशवीतून सोल्डरिंग आयर्न काढलं (शेजारीच शुभाची वॉटरबॅग आणि शिरा) आणि दोन्ही तारा सोडवून सरळ जोडल्या. लुकलुक. परत उलट्या जोडल्या. लुकलुक. तिसऱ्यांदा सोडवताना उलट्याच्या उलट्याला काय म्हणतात, हेच तिला आठवेना.

"आई, अगं आई..."

"शुभा, बाबांकडे जा. विद्याधर, घे ना तिला! मदतीला आलायस ना?"

"घेतो ना. पण आधी आपण शांतपणे विचार करू या."

"तू शांतपणे विचार कर. सोमवारी टायपिंगला मी बसणार आहे, तू नाही!"

हे इतक्या मोठ्यांदा निघालं की झेंडूचं एक फूल गळून पडलं. (ते आधीच सुकलेलं होतं, हे नंतर लक्षात आलं.)

मग मात्र तिने डोकं ताळ्यावर आणलं. वायर मशीनपासून सोडवली आणि त्या मोकळ्या टोकाच्या दोन आणि तीन नंबरच्या पिना तारेच्या तुकड्याने एकमेकींना टेकवल्या. आता पीसीने जे बोलावं ते फिरून त्याच्याच कानात यायला हवं. तिने कीबोर्डवर आपलं नाव मारलं. पडद्यावर आपलं नाव उमटलं. म्हणजे पीसी ठीक, प्रोग्रॅम ठीक, वायर ठीक. तिची काही चूक नव्हती!

चूक आपली नाही, हे कळल्यावर माणसाला शांत वाटायला हवं. उत्तराचा राग दुप्पट झाला. इतका वेळ तो एकटा फिरत होता, आता त्याला राहायला जागा मिळाली.

"दत्ताराम!"

"काय ओ बाईनू?"

"खंडेनवमीला या मशीनवर कुणी पाणी शिंपडलं?"

"पाणी खय? मी फकस्त हार घातलंय नि फुडे कुंकू लायलंय."

"कुंकू! लाखो रुपयांचं मशीन हे, आणि तुम्ही लोक त्याला हळद-कुंकू फासता! विज्ञान म्हणून काही आहे की नाही? उद्या साहेब आले की मी स्पष्ट सांगणार, मशीनला हात कुणी लावला ते."

दत्तारामचा चेहरा पडला. "बाईनू, मी फुडेच लायलंय. मागे माका काय म्हायत?"

"उत्तरा, जाऊ दे ना," विद्याधर म्हणाला.

"का जाऊ दे? नेहमी मीच का जाऊ द्यायचं?"

त्या क्षणी मोठ्या मशीनच्या मागून शुभाचा आवाज आला. ती कधीच तिथे जाऊन उकिडवी बसली होती.

"आई, ह्याच्या नाकात तांदूळ गेलाय."

सगळ्यांच्या माना तिकडे वळल्या.

नाकात काय गेलंय, या विषयात शुभाचा अधिकार मोठा होता. ऑगस्टमध्ये तिने स्वतःच्या नाकात हरभरा घातला होता. उत्तराने मशीन बंद केलं, मागे जाऊन गुडघ्यांवर बसली आणि बॅटरी मारली. सॉकेटच्या खाचेत एक तांदूळ आडवा बसला होता, आणि वरच्या ओळीतली पहिली पाच-सहा भोकं वाळलेल्या कुंकवाने गच्च भरली होती.

"बाईनू, देवाशप्पत सांगतंय..." दत्तारामने सुरू केलं.

"नाही हो दत्ताराम," उत्तरा म्हणाली. तिचा आवाज कुठून तरी खोल विहिरीतून आला. "तुम्ही नाही."

कारण तिला आता सगळं लख्ख आठवलं. खंडेनवमीला दत्तारामने पुढे पूजा केली, सगळे पेढे खायला गेले, आणि ती ताम्हन घेऊन एकटी मागे राहिली. मनात आलं, पुढे काय, पुढे नुसता पत्रा आहे. हे बिचारं बोलतं ते मागून. ते मुकं झाल्यापासूनच, साहेबांनी नाव काढायच्या आधीच, तिला टायपिंग सेक्शनची स्वप्नं पडत होती. मग तिने इकडे तिकडे बघितलं आणि त्या रिकाम्या सॉकेटवर बोट टेकवलं. बोट चांगलं ओलं होतं. एकदा लावून समाधान होईना, म्हणून तीनदा. वर अक्षता. (बी.एस्सी., फिजिक्स.)

"मग कुणी लावलं?" विद्याधरने क्लेम विभागाच्या आवाजात विचारलं.

"पिन दे," ती म्हणाली. "शुभाच्या फ्रॉकची. आणि एक शब्द बोलू नको."

तो बोलला नाही. पण त्याचे खांदे हलत होते ते तिला दिसले, आणि सहा वर्षांत आपण याला अजून एकदाही काही फेकून मारलेलं नाही, याचं तिला मनापासून आश्चर्य वाटलं.

टेप साफ करायच्या स्पिरिटचे चार थेंब, सेफ्टी पिन आणि पाऊण तास. हरभऱ्याच्या वेळी डॉक्टरांनी सांगितलं होतं, घाई केली की आत जातं. तिने घाई केली नाही. तांदूळ निघाला, भोकं चकाकली, वायर या वेळी अलगद आत बसली. तारा एकदा शेवटच्या उलट्या केल्या. खटका ओढला.

पडद्यावर भराभर कचरा सांडला. उलटेसुलटे आकडे, कंस, फुल्या, अर्ध्या रेघा.

"वाट लागली," विद्याधर म्हणाला.

"गप्प! बोलतंय ते!" उत्तराच्या डोळ्यांत पाणी आलं. शुभा पहिल्यांदा बोलली तेव्हा तरी कुठे कुणाला कळलं होतं? म्हाताऱ्या मशीनचा बोलायचा वेग कमी, नव्या पीसीचा ऐकायचा जास्त. तिने पीसीचा वेग उतरवत उतरवत तीनशेवर आणला. मशीन पुन्हा चालू केलं. आणि मग एकेक अक्षर, आजीबाईने काठी टेकत यावं तसं, पडद्यावर चालत आलं. नमस्कार नाही, चमत्कार नाही. मशीनने सरळ विचारलं, आजची तारीख काय?

"घेवा! चार दिवस निजान उठला नि वर ह्यो रुबाब," दत्ताराम हसत म्हणाला. तासाभरापूर्वीचं सगळं त्याने पोटात घातलं होतं. उत्तराने त्याला शुभाचा शिरा देऊन टाकला. माफी मागायची तिची तीच पद्धत होती.

चार वाजता रविवारच्या सफारीत प्रधानसाहेब आले. कुलूप घालायलाच आले असावेत. ते पडद्यासमोर उभे राहिले आणि बघतच राहिले.

"काय झालं होतं नक्की?"

"कॉन्टॅक्ट रेझिस्टन्स वाढला होता, सर. पिन्सवर फॉरेन मॅटर जमा झालं होतं." (यात एक अक्षर खोटं नव्हतं.)

विद्याधरला खोकला आला. दत्ताराम छताकडे बघू लागला.

"हं. मला तोच संशय होता," साहेब म्हणाले. मग घसा साफ करून म्हणाले, "उत्तराबाई, ते टायपिंगचं विसरा. जानेवारीत नवीन मशीन येतंय, ते तुमच्याकडेच देतो. एवढी तळमळ हल्ली बघायला मिळत नाही हो. रविवारी, मूलबाळ घेऊन! ऑफिसवर असं प्रेम पाहिजे."

उत्तराने मान खाली घातली. तिला वाटलं, हा क्षण इथेच थांबावा, कुणी काही बोलू नये. आज पहिल्यांदाच तिला कसलीही काळजी वाटत नव्हती, आणि तेवढ्यानेच खरं तर तिने सावध व्हायला हवं होतं.

साहेब वाकले आणि त्यांनी शुभाच्या गालाला बोट लावलं. "काय गं छकुली, आवडलं का आमचं ऑफिस?"

शुभाने चारही भिंती नीट बघून घेतल्या.

"आई रोज सकाळी डबा भरताना म्हणते, जळो मेलं ते ऑफिस," ती म्हणाली. "मग बाबा म्हणतात, हळू बोल. मग आई आणखी मोठ्यांदा म्हणते, आणि मग तुमचं नाव घेते."