फुसाएच्या मेंदूचे मुख्याध्यापक

"आजपासून तुझ्या मेंदूची जबाबदारी माझी!" किन्जीरोने न्याहारीच्या वेळीच जाहीर केलं.

फुसाएने त्याच्यापुढे मिसो सूप ठेवलं आणि मनात म्हटलं, आलं संकट! पन्नास वर्षांच्या संसारात स्वतःचे मोजे कुठे असतात हेही या माणसाला कधी ठाऊक नव्हतं. निवृत्त मुख्याध्यापक ना! शाळा सुटली, आता हुकूम सोडायला घरात बायको तेवढी उरली होती.

आदल्या दिवशी गावच्या सभागृहात व्याख्यान झालं होतं. विसरण्याचा आजार बायकांना जास्त गाठतो, तेव्हा चाला, पुरेशी झोप घ्या, चारचौघींत मिसळा, रक्तदाब नि कान तपासून घ्या, असं डॉक्टरीणबाई सांगत होत्या. किन्जीरोचं कानाचं यंत्र मात्र घरी खणात! त्याला ऐकू आलं ते एवढंच, 'बायकांना जास्त'.

त्यात फुसाएची बारा तारखेची चाचणी आठवड्यावर आलेली. पंच्याहत्तरीनंतर गाडीचा परवाना टिकवायचा तर सोळा चित्रं बघायची आणि थोड्या वेळाने आठवून लिहायची. परवाना गेला तर गावात दिवसाला बस दोनच. बाजार बंद, गुरुवारचा हुला नाचाचा वर्ग बंद! किन्जीरोने टपालपेटीला धडक देऊन आपला परवाना केव्हाच परत केला होता. आता त्यालाही तीच फिरवायची.

झालं! पहाटे चारला पाढे नि चित्रांची उजळणी सुरू. झोपेचं खोबरं. "कंबर हलवून मेंदू चालत नाही," म्हणून नाच बंद. टीव्ही बंद. भिंतीवरच्या कॅलेंडरचं रोज एक पान फाडायचं काम इतकी वर्षं फुसाएचं. तेही साहेबांनी काढून घेतलं. "कारभार एका हाती हवा!"

बारा तारखेचं पान दिसलं तशी ती त्याला घेऊन चाचणी केंद्रावर पोचली. खिडकीतल्या मुलीने कागद पाहिला आणि तिचा चेहरा मवाळ झाला.

"आजी, तुमची चाचणी काल होती हो. आज तेरा, गुरुवार. घरी आणखी काही विसरायला होतं का?"

फुसाएने नवऱ्याकडे पाहिलं. पान फाडायचं कोणाकडून राहिलं होतं ते त्यालाही कळलं होतं. पण गडी छताकडे बघत म्हणाला, "म्हणून तर मी तिचा सराव घेतोय!"

"अहो!" फुसाए अशी कडाडली की रांगेतले तिघं सरळ उभे राहिले. "पान कोण फाडणार होतं? पहाटे चारला उठवून मला कोण पिडतंय? स्वतःचं कानाचं यंत्र कुठे आहे, सांगा बघू!"

"काय म्हणालीस?" किन्जीरो म्हणाला.

मुलीने ओठ दाबले. "एक वाजता एक जागा रिकामी आहे. बसता?"

"बसते! आणि यांना बाहेर बाकावर बसवा."

चित्रं किन्जीरोच्या सरावातली नव्हतीच! तरी फुसाएने रागाच्या भरात सोळाच्या सोळा लिहून काढली. पास झाल्याचा कागद हातात पडला. आज गुरुवार! ती तडक गाडीत बसली आणि वर्गावर पोचली. वर्गातल्या मैत्रिणीने, तोमिकोने, तिच्या गळ्यात फुलांची माळ घातली.

"किती आठवली गं?"

"सगळी! तोफ, टोमॅटो, चिमटा, कोंबडी... एक म्हणून सुटलं नाही!"

"वा! आणि किन्जीरो-सान कुठे आहेत?"

फुसाएचा हवेतला हात तिथेच थांबला.

"अगं बाई! बाकावरच राहिले की!"

"चल, आधी घेऊन येऊ."

फुसाएने क्षणभर विचार केला आणि कंबर हलवायला सुरुवात केली. "नाच संपू दे. चारचौघींत मिसळा, असं डॉक्टरीणबाईंनीच सांगितलंय. तोवर यांना आठवू दे, घरी जायला बस किती वाजता असते ते."

शेवटची बस साडेबाराची. ते तिला अगदी पक्कं आठवत होतं.