गुप्त गटातले सर्जेराव

दर गुरुवारी संध्याकाळी सहाला आमच्या नेरूळच्या सोसायटीत घोषणा होते.

"काकूऽ, मी बेवड्यांच्या मीटिंगला चाललो! येताना काय आणायचं का?"

मी तिसऱ्या मजल्यावर, सर्जेराव खाली पार्किंगमध्ये. मधल्या मजल्यांवरचे टीव्ही त्या आवाजात बुडतात. मी गॅलरीतून "कोथिंबीर" म्हणते आणि आत येते. ईशान, रेवा, माझ्या नातवंडांनो, तुमच्याकडे तिकडे परदेशात कुणी असं ओरडलं तर पोलीस येतील. आमचा वॉचमन फक्त घड्याळ जुळवून घेतो.

सर्जेराव मूळचे साताऱ्याकडचे. तीस वर्षं वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटमध्ये पोती उचलली, पुढे टोळीचे मुकादम झाले. ट्रकच्या गलक्यात माणसांना हाका मारून मारून त्यांच्या गळ्यात एकच पट्टी उरली. सोसायटीच्या पूजेत ते कुणाच्या कानात काही सांगायला लागले, की गुरुजी पोथी वाचायचे थांबतात.

ते प्यायचेही तसेच, जाहीर. बायको कंटाळून मुलाकडे कामोठ्याला गेली, ती तिथेच राहिली. त्यानंतर एका सकाळी ते माझ्या दारात उभे. दाढी केलेली, शर्टाला इस्त्री.

"काकू, तुमी शिकलेल्या. दारू सोडवणारी माणसं कुठं भेटत्यात, तेवढं बघा."

मी चार फोन केले आणि पत्ता, वार, वेळ कागदावर लिहून दिली. शाळेची एक खोली, गुरुवारी साडेसहा.

"आता जा."

"एकट्याला न्हाई जमायचं. वाटंत दोन दुकानं लागत्यात."

म्हणून मी सोबत गेले. दोन्ही दुकानांसमोरून जाताना त्यांनी माझ्याकडे तोंड करून, अगदी आडवं चालत, नाशिकच्या कांद्यावर भाषण दिलं. पाहुण्यांना मागच्या बाकावर बसू देतात, तिथे मी बसले. त्या दिवसापासून सर्जेरावांनी एक थेंबही घेतला नाही आणि वर्षभर एकही गुरुवार चुकवला नाही.

गटाचा नियम एकच कडक. तिथे कोण येतं, काय बोलतं, ते बाहेर काढायचं नाही. सर्जेरावांना हे काही पटेना.

"पीत हुतो तवा सगळ्या सेक्टरला ठावं हुतं. सोडली ती का लपवायची?"

"तुमचं तुम्ही सांगा हो. दुसऱ्याचं नाही सांगायचं."

"बरं," ते म्हणायचे. हे 'बरं' रस्त्यापलीकडे ऐकू जायचं.

गटात बँकेतले एक साहेब येत. त्यांचं नाव मी इथेही लिहिणार नाही. दोघांचं चांगलं जमलं होतं. साहेब सर्जेरावांसाठी शेजारची खुर्ची धरून ठेवत. एकदा साहेबांचा एक गुरुवार चुकला. नंतरच्या रविवारी ते मिठाईच्या दुकानात मुलीच्या होणाऱ्या सासरच्या मंडळींबरोबर पेढे घेत होते आणि सर्जेरावांना समोरच्या फुटपाथवरून दिसले.

"ओ साहेब! मीटिंगला दिसला न्हाईत! परत लावली का काय?"

त्यांनी काळजीनेच विचारलं होतं. लग्न काही मोडलं नाही, पण साहेब गटात यायचे बंद झाले. आणि दुसऱ्या गुरुवारी सहा वाजले तरी आमच्या पार्किंगमधून आवाज आला नाही.

मी खाली तळमजल्यावर त्यांच्या घरी गेले. सर्जेराव दार उघडं टाकून खाटेवर बसले होते.

"काकू, दुपारी दुकानापातूर जाऊन आलो."

"घेतली?"

"न्हाई. पण गेलो हुतो." मग खाली बघत म्हणाले, "मी वरडतो, त्येचा तुमास्नी तरास हुतो, कळतंय मला. पण घरात कुणी न्हाई वो. निघताना माणसानं कुणाला तरी सांगून निघावं."

मी चहा टाकला.

पुढच्या गुरुवारी आम्ही दोघं साहेबांच्या इमारतीसमोर जाऊन उभे राहिलो.

"हाक मारा की," मी म्हटलं.

"नगं. ह्या गळ्यानंच घात केलाय."

तब्बल अर्धा तास सर्जेराव गप्प होते. त्यांच्या ओळखीतल्या कुणाला हे खरं वाटणार नाही. शेवटी दुधाची पिशवी घेऊन साहेब स्वतःच फाटकाबाहेर आले. डोळे सुजलेले. आम्हाला पाहून थबकले.

"सर्जेराव, मी परत घेतली. आठ दिवस रोज. आता कुठल्या तोंडाने येऊ?"

सर्जेराव काहीतरी म्हणाले. मी शेजारीच होते, तरी मला कान पुढे करावा लागला.

"चला. मी हाय संगं."

साहेबांनी दूध वॉचमनकडे ठेवलं आणि आम्ही तिघं निघालो. पोचायला उशीर झाला. मीटिंग चालवणारे गृहस्थ नेहमीचा प्रश्न विचारत होते, "आज कुणाचा पहिला दिवस आहे?" ज्याने पुन्हा घेतली, त्यालाही इथे हात वर करून पहिल्यापासून मोजावं लागतं. साहेबांचा हात कसाबसा खांद्यापर्यंत गेला आणि तिथेच अडकला.

तेवढ्यात शेजारी दुसरा हात वर गेला. सरळ, ताठ. सर्जेरावांचा.

त्यांना सोडून चौदा महिने झाले होते. सगळ्या खोलीला ते ठाऊक होतं. गृहस्थांनी चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिलं, मग साहेबांकडे पाहिलं.

"दोघांचं स्वागत," ते म्हणाले.

मग साहेबांचाही हात पूर्ण वर गेला.