शंभर टक्के साक्षर जंगल

एका जंगलात, मुलांनो, एक शाळा होती आणि एक पाणवठा होता. जंगलाचं नाव विचारू नका. ते तुमच्या गावाचं निघालं तर उगाच वाद होतील.

पाणवठ्यावर एक फळा होता. आज पाणी पिण्याची पाळी गवत खाणाऱ्यांची की मांस खाणाऱ्यांची, ते त्यावर लिहिलेलं असे. क्रम सरकारी होता, म्हणजे कधीही बदलायचा. प्राण्यांना वाचता येत नव्हतं, म्हणून एक टिटवी फळा मोठ्यानं वाचून दाखवायची.

पण टिटवीचा घसा बसत चालला होता. हौसाबाई नावाच्या भेकरीला याची फार काळजी वाटे. तिला दोन पाडसं होती. शेवटी ती शाळेत गेली आणि बगळे गुरुजींना म्हणाली, "गुरुजी, मला फळा वाचण्यापुरतं तरी शिकवा."

गुरुजींना भरून आलं. त्यांनी लगेच तिला 'अ' गिरवायला दिला.

दुसऱ्याच दिवशी सिंहमहाराजांनी घोषणा केली, पावसाळ्याआधी जंगल शंभर टक्के साक्षर. शेजारच्या जंगलानं नव्वद टक्के जाहीर केलं होतं, ते महाराजांच्या जिव्हारी लागलं होतं. समिती बसली. आधी निरक्षर मोजायला हवेत, असं ठरलं. मोजून लिहून ठेवणार कोण? समिती सोडली तर लिहिता येणारे एकटे गुरुजीच. मग शाळेला कुलूप लागलं आणि गुरुजी मोजणीला निघाले.

हौसाबाई पाटी घेऊन त्यांच्या मागे फिरायची. गुरुजी एखाद्या बिळात डोकं घालून म्हणायचे, "एवढी मोजणी संपू दे बाई, मग 'आ' घेऊ." मोजणीनंतर फेरमोजणी आली. मग प्रभातफेरी निघाली. हौसाबाईच्या गळ्यात एक पाटी अडकवली. यावर काय लिहिलंय, असं तिनं विचारलं. 'मी वाचायला शिकले' असं लिहिलंय, गुरुजी खाली बघत म्हणाले.

मुदत संपत आली. समितीनं ठरवलं, ज्याचं नाव नोंदवहीत लिहिलंय तो साक्षर. कोणी लिहिलं, ते विचारायचं नाही. सगळ्यांना प्रमाणपत्रं मिळाली. त्यावर महाराजांनी सही म्हणून पंजा उमटवला होता.

आता साक्षर जंगलात टिटवी कशाला? तिला शाल-श्रीफळ देऊन घरी बसवलं. शाळा तरी कशाला? गुरुजी झाडं मोजायला गेले.

सकाळी हौसाबाई पाडसांना झाडीत ठेवून एकटीच पाणवठ्यावर आली. मला तिची फार दया येते, मुलांनो. ती फळ्यासमोर बराच वेळ उभी राहिली. तेवढ्यात शेजारी एक बिबट्या येऊन उभा राहिला. तोही फळ्याकडेच बघत होता. आता पळून उपयोग नव्हता.

"दादा," ती अदबीनं म्हणाली, "आज पाळी कोणाची, ते वाचता येतं का तुम्हाला?"

"नाही हो ताई," बिबट्या म्हणाला. "प्रमाणपत्र आहे माझ्याकडे. पण पाळी कोणाची का असेना, माझं काही अडत नाही."

पुढचं मी सांगत नाही, तुमची जेवायची वेळ आहे. पाडसं संध्याकाळपर्यंत वाट बघत होती. समितीनं दुखवट्याचा ठराव केला आणि सर्वांच्या माहितीसाठी तो फळ्यावर लिहून ठेवला.

तात्पर्य : साक्षरता वाढवायची तर शिकवत बसू नये. पाणवठ्यावर फळा लावावा आणि धीर धरावा. ज्यांना वाचण्याची गरज असते, ते हळूहळू संपतात. जे उरतात, त्यांचं वाचल्यावाचून अडत नाही.