बिलोलीकर वकिलांचे तीन साक्षीदार

बिलोलीकरकाका एकाच सकाळी तीन लॅबमध्ये रक्त द्यायचे आणि तिन्हीकडे खोटं नाव सांगायचे. एक लॅब मलकपेठला, दुसरी जामबागेत, तिसरी अफझलगंजात. नेणारा मी, शेजारी म्हणून. स्कूटर माझी, रजा माझी आणि वर शिव्याही मलाच!

"अरे, साक्षीदार वेगवेगळे तपासावेत. एकत्र आले की पढवलेलं बोलतात!"

उभा जन्म कोर्टात गेलेला माणूस. डोळ्यात कॅन्सरची गाठ निघाली, डावा डोळा काढावा लागला, पण वकिली काही सुटली नाही. डॉक्टर म्हणाले होते, हा रोग पसरला तर बहुधा लिव्हरमध्ये जातो. अधूनमधून रक्त तपासत राहा, आकडे चढायला लागले की लगेच या. झालं! काकांनी रक्तालाच पिंजऱ्यात उभं केलं.

एकदा मलकपेठच्या नव्या एअरकंडिशन लॅबमध्ये आम्ही ताटकळत बसलो होतो. काउंटरवरचा माणूस घसा फोडून ओरडत होता, "व्यंकटराव! व्यंकटराव कौन है?" काकांनी काउंटरवर मूठ आपटली. "घंटे भर से बैठा हूँ मियाँ!" मग माझ्याकडे वळून, "बाजार खुला झाला, गल्लोगल्ली लॅबा निघाल्या, कॉम्प्युटर आले, पण पेशंटला हाक मारायची अक्कल काही आली नाही!"

मी कानाशी लागलो. "काका, व्यंकटराव तुम्हीच."

"कबसे पुकारताऊँ साब, आप उठतेइच नै," काउंटरवरचा म्हणाला. काका उखडले ते माझ्यावरच. "मग आधी सांगायला काय झालं होतं तुला?"

अस्सा संताप यायचा म्हणून सांगू! तीन लॅब म्हटल्या की आकड्यांत थोडाफार फरक पडणारच. काकांना तेवढंच हवं असायचं. घरात पाऊल टाकल्या टाकल्या गर्जना सुरू, "फुटला! साक्षीदार फुटला!" काकू आत स्वयंपाकघरात पोळ्या लाटत असायच्या. मला त्यांची कीव यायची. एकदा मी तोंडावर विचारलंही, "भांडून आकडा उतरतो का हो?" तर आठवडाभर अबोला.

मग एके दिवशी तिन्ही रिपोर्ट एकच बोलले. आकडे चढले होते. चांगलेच.

मी स्फोटाची वाट बघत बाहेरच्या खोलीत उभा राहिलो. काकांनी कागद शांतपणे घडी करून खिशात घातले. "तिघंही खरं बोलतायत रे."

आत पोळ्या लाटण्याचा आवाज थांबला.

काकांनी माझं मनगट धरलं. "ती कान देऊन ऐकतेय. मी ओरडलो की समजते, रिपोर्ट ठीक आहे. आज तिला नाही सांगवत मला. आणि ओरडवतही नाही. तू ओरड."

"मी? काय ओरडू?"

"काहीही. भांड माझ्याशी."

आणि मी ओरडलो. खोटी नावं काढली, बुडालेल्या रजा काढल्या, तो अबोला काढला. त्या मेल्या रोगाचा सगळा राग त्यांच्यावरच काढला. "हट्टी! तऱ्हेवाईक! म्हातारे झालात, तरी..."

"म्हातारा कुणाला म्हणतोस रे, गाढवा!" काका खरोखरच कडाडले.

आत लाटणं पुन्हा सुरू झालं.