मालक डोळा

पेणमध्ये गणपतीचे कारखाने किती, हे पेणकरालाही विचारू नये. गल्ली तिथं कारखाना, आणि कारखाना तिथं एक तरी माणूस असा, की ज्याला वाटतं माझ्यासारखा मीच. प्रविणच्या कारखान्यात तो माणूस दिनानाथ. त्याचं काम एकच, डोळ्यांची आखणी. माती कुणी मळायची, साचा कुणी भरायचा, अंगाचा रंग कुणी मारायचा, आणि सगळं झालं की मूर्ती दिनानाथच्या कोपऱ्यात यायची. मग तो झिरो नंबरचा ब्रश काळ्या रंगात बुडवायचा, डावा डोळा मिटायचा, श्वास धरायचा, आणि बाप्पाला नजर यायची.

"बाकीचे मूर्ती बनवतात," तो छाती पुढं काढून सांगायचा, "देव मी बनवतो."

आता हे ऐकून देवाला काय वाटत असेल ते देवच जाणे! पण बोलणं अगदीच खोटं नव्हतं. दिनानाथच्या गणपतीची नजर किंचित तिरपी असायची, केसभर उजवीकडे. घरातला जो तो म्हणायचा, माझ्याकडेच बघतोय. अलिबागपासून नागोठण्यापर्यंतचं गिऱ्हाईक दिनाकाकांच्या हातचाच पाहिजे म्हणून अडून बसायचं. तो आखणीला बसला की कारखान्यातला पंखा बंद, रेडिओ बंद, आणि चहावाल्यानंसुद्धा कप ठेवून मुकाट मागं फिरायचं. प्रविणच्या वडिलांच्या वेळेपासून हे असंच चाललेलं. त्या कोपऱ्याबाहेर दिनानाथला कोणी फार विचारत नसे. घरात तर भाजी कोणती आणायची हेही त्याला कोणी विचारत नसे.

शिमगा झाला आणि एके दिवशी ब्रश थरथरला.

दिनानाथनं आधी ब्रशला शिव्या दिल्या. मग रंगाला. मग हायवेवरच्या ट्रकांमुळे जमीन हलते असं ठरवलं, आणि हायवे तिथून चांगला लांब आहे हे आठवल्यावर चहा सोडला. पण हात काय ऐकेना. बुबुळ काढायला ब्रश टेकवला की बोटं पापडासारखी फडफडायची. एका मूर्तीचा डोळा पुसून पुन्हा काढला, पुन्हा पुसला, आणि शेवटी ती मूर्ती भिंतीकडं तोंड करून ठेवली. त्याला भीती वाटली. हे प्रविणला कळलं तर कोपरा गेला, आणि कोपरा गेला तर दिनानाथ म्हणजे नुसता एक म्हातारा, ज्याला जेवायला वाढून ठेवायचं.

अशात तो रोह्याजवळच्या वरसे गावात बहिणीकडं गेला होता. तिथून परतीची बस धरायला निघाला असताना एका मैदानात माणसं धनुष्यं ताणून उभी असलेली दिसली. लहान, मोठी, एक तर त्याच्याच वयाचा टकल्या. आणि सगळ्यांचे हात कसे, दगडी! दिनानाथ कुंपणाला चिकटून बघत राहिला. शिकवणारी शीतल नावाची तरतरीत मुलगी होती. तिनं विचारलं, काका, शिकायचंय का, नवशिक्यांचा वर्ग दर रविवारी सकाळी असतो. दिनानाथनं एवढंच विचारलं की यानं हात स्थिर होतो काय. शीतल म्हणाली, हात होतो, मनही होतं. मनाचं दिनानाथला काही पडलं नव्हतं. त्यानं तिथल्या तिथं नाव दिलं आणि बसमध्ये बसल्यावर ठरवलं की हे पेणमध्ये कोणाला म्हणजे कोणाला सांगायचं नाही. घरी सांगितलं, बहिणीला बरं नाय, दर रविवारी जावं लागेल.

पहिल्या रविवारी शीतलनं उभं कसं राहायचं, दोरी हनुवटीपर्यंत कशी आणायची, खांदा कसा खाली ठेवायचा हे दाखवलं. मग डाव्या हाताला बांधायला चामड्याचा पट्टा दिला. दिनानाथनं तो परत केला. आपण केसाएवढी रेघ मारणारा माणूस, आपल्याला असल्या पट्ट्याबिट्ट्याची गरज नाय, असं त्यानं तिला ऐकवलं. शीतलनं एकदा सांगितलं, दोनदा सांगितलं, आणि मग अनुभव मोठा गुरू म्हणून सोडून दिलं.

दोरी सुटली ती सपकन त्याच्या डाव्या हाताच्या आतल्या बाजूवर बसली. डोळ्यांपुढं काजवे चमकले. बाण डावीकडं गेला. दुसरा बाण डावीकडं, तिसराही डावीकडं, आणि प्रत्येक वेळी दोरी त्याच जागी चाबकासारखी. शेजारी एक बँकेतल्या बाई नेम धरत होत्या. त्यांचं लक्ष्य दिनानाथच्या डावीकडं. त्या बिचाऱ्यांचा बाण गवतात जायचा, पण लक्ष्यात मात्र बाण वाढत चाललेले. शीतलनं सगळ्या वर्गाला थांबवून त्यांचं कौतुक केलं. बाईंनी ते लाजून स्वीकारलं. दिनानाथ दातओठ खाऊन हात चोळत बसला.

संध्याकाळपर्यंत मनगटापासून कोपरापर्यंत हात काळानिळा. त्यानं पूर्ण बाह्यांचा शर्ट घातला, भर उन्हाळ्यात. बायकोनं, अनितानं, एक दिवस पाहिलं, दोन दिवस पाहिलं, आणि तिसऱ्या रविवारी तो निघून गेल्यावर नणंदेला फोन केला. नणंद ठणठणीत! भाऊ तर इकडं फिरकलासुद्धा नाय, म्हणाली. त्या रात्री दिनानाथ झोपला असताना अनितानं त्याची बाही वर केली, आणि तो हात बघून तिनं मनाशी ठरवूनच टाकलं. दर रविवारी गुपचूप जायचं, खोटं बोलायचं, आणि हातावर असले निळे डाग! माणूस कुठंतरी सलाईन लावून घेतोय, आणि आजार सांगण्यासारखा नाय.

ती नवऱ्याला काही बोलली नाही. शेजारणीला बोलली. शेजारणीनं कारखान्यात काम करणाऱ्या आपल्या दिराला सांगितलं. पुढचं विचारू नका! दोन दिवसांत वडखळहून मेव्हणा शहाळी घेऊन हजर. लांबचे नातेवाईक येऊन खाटेच्या कडेला बसायचे, दिनानाथकडं बघून मान हलवायचे, आणि चांगल्या माणसांचंच असं होतं म्हणून चहा पिऊन जायचे. दिनानाथला वाटलं, हात थरथरतो ते सगळ्यांना कळलंय. तोही खाली मान घालून म्हणायचा, काय करणार, वय झालं. ते ऐकून अनिता पदर तोंडाला लावून आत जायची.

मग प्रविण आला. एरवी ऑर्डरींच्या नावानं ओरडणारा प्रविण मऊ आवाजात बोलायला लागला, तेव्हा दिनानाथ समजायचं ते समजला.

"दिनाकाका," तो म्हणाला, "तुम्ही घाई करू नका. कोपरा तुमचाच हाय. पण तोपर्यंत मृणालीला आखणी थोडी शिकवून ठेवा. न जाणो."

मृणाली म्हणजे कारखान्यात दागिने रंगवणारी मुलगी. हात चांगला, तोंड बंद. दिनानाथचं डोकंच फिरलं. त्यानं बाही सरकवली आणि सगळ्यांसमोर सांगून टाकलं की आजारबिजार काय नाय, मी रोह्याला धनुष्यबाण शिकतोय. मेव्हणा हळूच म्हणाला, आजार डोक्यात पण गेलाय वाटतं. शेवटी शीतलला फोन लावला, तिनं मोठ्यानं सगळं सांगितलं, तेव्हा कुठं पटलं. अनिता आधी रडली, मग हसली, आणि मग जी रागावली ती शहाळी संपेपर्यंत बोलली नाही. पण मृणालीला शिकवण्याची गोष्ट प्रविणच्या तोंडून गेली ती गेली. दुसऱ्या दिवसापासून ती कोपऱ्यात स्टूल घेऊन बसली. दिनानाथच्या जुन्या मूर्तीचा एक फोटो समोर लावून ती सरावाला मिळालेल्या तीन मूर्तींवर डोळे काढत होती. दिनानाथनं तिकडं बघायचंच नाही असं ठरवलं.

त्या रविवारी त्यानं मुकाट पट्टा बांधला. बाण तरी डावीकडंच. शीतल काही वेळ बघत राहिली, मग म्हणाली, हे पहिल्या दिवशीच करायला हवं होतं, माझंच चुकलं. तिनं त्याला दोन्ही तळहात जोडून मधे छोटी फट करायला लावली, त्या फटीतून लांबच्या खांबाकडं बघायला सांगितलं, आणि एकेक डोळा मिटायला लावला. उजवा मिटला, खांब जागच्या जागी. डावा मिटला, खांब गायब.

"काका, प्रत्येकाचा एक डोळा मालक असतो, दुसरा गडी. तुमचा मालक डोळा डावा आहे. तुम्ही नेम उजव्या हातानं धरताय आणि बघतोय डावा."

दिनानाथनं धनुष्य खाली ठेवलं. म्हणजे इतकी वर्षं आखणी करताना तो मालकाला झोपवून ठेवत होता आणि गड्याकडून काम करून घेत होता! हात थरथरणार नाही तर काय होणार, गडीही म्हातारा झाला की. शीतलनं त्याला धनुष्य दुसऱ्या हातात दिलं आणि डाव्या डोळ्यानं नेम धरायला लावलं. बाण सुटला आणि मधोमधच्या पिवळ्या गोलात जाऊन बसला. दिनानाथला रडू आलं. बँकेतल्या बाईंनी टाळ्या वाजवल्या, पण त्यांच्या लक्ष्यातले बाण त्या दिवसापासून एकदम कमी झाले.

सोमवारी तो कोपऱ्यात बसला, उजवा डोळा मिटला आणि ब्रश टेकवला. हात हलला नाही. रेघ अशी, की पट्टी लावून बघावी. त्यानं मूर्तीमागून मूर्ती हातावेगळी केली. भिंतीकडं तोंड केलेली तीही सरळ करून डोळे काढले. प्रविण खूश, त्यानं फोटो काढून गिऱ्हाइकांना पाठवले. अनितानं त्या दिवशी भाजी कोणती आणू असं विचारलं. दिनानाथ मृणालीला म्हणाला, पोरी, तुझं स्टूल जरा पलीकडं घे, माझ्या उजेडात येतेस. तिनं घेतलं.

श्रावण लागला आणि लोक मूर्ती पसंत करायला यायला लागले. पहिला आला तो नागोठण्याचा पुंडलिक, कंपनीत शिफ्ट करणारा, दिनानाथचं जुनं गिऱ्हाईक. तो एका मूर्तीसमोर उभा राहिला. मग थोडा डावीकडं सरकला. मग उजवीकडं. मग खाली बसला. दिनानाथला वाटलं, भारावलाय.

"दिनाकाका," पुंडलिक ओशाळून म्हणाला, "रागावू नका. पण ह्यो माझ्याकडं बघत नाय. मागच्या भिंतीकडं बघतोय."

दिनानाथनं ते हसण्यावारी नेलं. पण नंतर आलेली बाई तेच म्हणाली. तिच्यानंतरचा तेच म्हणाला. सगळे डोळे सरळ, रेखीव, जुळे, आणि कोणाकडंच न बघणारे. लोक नमस्कार करायला हात जोडायचे आणि अवघडून खाली घ्यायचे. शेवटी पुंडलिक कोपऱ्यातल्या तीन मूर्तींपाशी जाऊन थांबला आणि त्याचा चेहरा उजळला. "ही बघा! ही खरी दिनाकाकांच्या हातची. बघतोय बघा कसा!"

प्रविण दिनानाथकडं बघत होता. मृणाली हातातला ब्रश बघत होती. व्हय, माझीच, एवढं म्हटलं असतं तर त्या दिवसापुरता कोपरा वाचला असता. दिनानाथनं ती मूर्ती नीट पाहिली. नजर केसभर उजवीकडं, आपल्यावर रोखलेली, ओळखीची.

"मृणालीची हाय ती," तो म्हणाला. "बाकीच्या मूर्तींचे डोळे पुसून तेही तिलाच काढू दे."

नंतर त्यानं प्रयत्न केला नाही असं नाही. पुन्हा डावा डोळा मिटून बसला, पण आता तिरपी रेघ त्याला तिरपीच दिसायची आणि ब्रश आपोआप ती सरळ करायचा. वाकडं असताना जे जमत होतं ते शहाणं झाल्यावर गेलं. काढून टाकण्यासारखा माणूस नव्हे म्हणून प्रविणनं त्याला पायाजवळचे उंदीर रंगवायला दिले. उंदराकडं कोण बघतंय, असं तो समजुतीनं म्हणाला. दिनानाथनं तेही काम मान खाली घालून, मन लावून, मालक डोळा उघडा ठेवून केलं. जेवणाच्या सुट्टीत मृणाली त्याच्यासाठी चहा वेगळा सांगायची, आणि तो तो गार करून प्यायचा.

गणपती बसले त्याच दिवशी दुपारी पुंडलिकाचा फोन आला. प्रविणनं स्पीकर चालू केला. मूर्ती फस्कलास, सगळं घर खूश, म्हणाला, पण तो उंदीर कोणी रंगवलाय? मोदकावर नेम धरल्यासारखा बघतोय, पोरं प्रसादाला हात लावायला घाबरतायत. आम्ही त्याच्यापुढं दुर्वांची जुडी उभी केलीय.

प्रविणनं फोन ठेवला. बराच वेळ त्यानं मान खाजवली, आणि मग शक्य तितक्या मऊ आवाजात विचारलं, "दिनाकाका, माघी गणपतीच्या उंदरांचे डोळे आपण मिटलेलेच ठेवूया काय?"

दिनानाथ काय म्हणणार! व्हय म्हणाला. मिटलेला डोळा म्हणजे तरी काय, एक रेघ, आणि रेघ तर आता त्याची सरळच येत होती.