चालतंय तोवर

मेहुण्याच्या नव्या कॉम्प्युटरचं बटण दाबून काटकोन चष्मा पुसायला लागला. ही त्याची घरची सवय. घरी बटण दाबलं की तो चष्मा पुसायचा, पाणी पिऊन यायचा, समोरच्या इमारतीची गॅलरी कशी तिरकी बांधली आहे हे खिडकीतून पाहून रोज नव्याने हळहळायचा आणि मग खुर्चीत बसायचा. तोवर पडद्यावर काहीतरी उगवलेलं असे. इथे पहिली काचही पुसून झाली नव्हती.

"भावजी, झाला सुरू," मेहुणा म्हणाला.

"कधी?"

"तुम्ही बटण दाबलंत तेव्हाच."

काटकोन इमारतींचे नकाशे काढायचा. भिंत असो, टेबल असो की स्वतःची वागणूक, कुठेही तिरकं काही खपवून घ्यायचा नाही, म्हणून सोबतच्या लोकांनी त्याला हे नाव ठेवलं होतं आणि आता घरची मंडळीही तेच वापरत. मेहुण्याने त्याचाच एक नकाशा पडद्यावर आणला, बोटाने हलकेच ढकलला, आणि आख्खी इमारत भोवऱ्यासारखी गिरकी घेऊन त्याच्यासमोर उभी राहिली. दार उघडत होतं. आत जाता येत होतं. काटकोन जिना चढून थेट गच्चीवर गेला आणि खुर्चीत बसल्या बसल्या त्याला धाप लागली. लग्न ठरलं तेव्हासुद्धा छाती इतकी धडधडली नव्हती, असं तो घरी जाताना बायकोला सांगणार होता, पण वेळीच थांबला.

"घेऊन टाका की एक," मेहुणा म्हणाला.

काटकोनाने पुन्हा चष्मा पुसायला घेतला. अडचण पैशांची नव्हती. अडचण त्याच्या स्वतःच्या तोंडाची होती.

घरात त्याचाच एक नियम होता: चालतंय तोवर चालवायचं. बायकोचा मिक्सर सुरू झाला की शेजारचं बाळ दचकून उठायचं आणि झाकण हाताने दाबून धरलं नाही तर ते छताला जाऊन लागायचं. तिने नवा मागितला, तेव्हा काटकोन म्हणाला होता, "चालतंय ना? मग!" त्याच्या वडिलांच्या, म्हणजे अण्णांच्या टीव्हीवर बातम्या देणारी सगळी माणसं कावीळ झाल्यासारखी पिवळी दिसायची. "ऐकू येतंय ना? मग!" मुलीच्या फोनची काच चिकटपट्टीने जोडलेली होती आणि मैत्रिणींसमोर ती तो खिशातून बाहेरच काढत नसे. "लागतोय ना? मग!" हे 'मग' तो अशा काही ठसक्यात म्हणायचा की त्यापुढे बोलायला जागाच उरत नसे.

आणि त्याचा कॉम्प्युटर तर चालत होता. नुसता चालत नव्हता, अंगात दम असल्यासारखा चालत होता. टेबलाखालचा तो मोठा डबा आणि वरचा जाडजूड पडदा. बायकोने दोघांना फुलाफुलांची कव्हरं शिवली होती. इतक्या वर्षांत त्याने एक नकाशा हरवला नव्हता. तक्रारी होत्या, पण तीनच. सुरू व्हायला वेळ लावायचा, आतला पंखा म्हाताऱ्यासारखा कण्हायचा, आणि दोन शब्दांत जागा सोडणारं लांब बटण अडकायचं. एवढ्यावर 'चालत नाही' असं म्हणणं काटकोनाला शक्य नव्हतं. तसं त्याने एकदा म्हणून पाहिलं.

"हँग होतो हल्ली," तो जेवताना म्हणाला.

बायको रक्त तपासणीच्या लॅबमध्ये काम करायची. कुणी नुसतं 'अशक्तपणा वाटतो' म्हणालं की तिचा विश्वास बसत नसे. हात धुऊन ती थेट त्याच्या खोलीत आली. "करा बरं हँग."

काटकोनाने हातातले सगळे नकाशे एकदम उघडले. वर मुलीच्या वाढदिवसाचा व्हिडिओ लावला. पंखा कण्हला, पण एकेक नकाशा निमूटपणे येऊन उभा राहिला, आणि व्हिडिओतली मुलगी मेणबत्त्यांवर फुंकर मारत राहिली.

"ठणठणीत आहे," बायको म्हणाली आणि निघून गेली.

त्या रात्री काटकोनाच्या मनात एक विचार आला. सरळ माणसाच्या मनात वाकडा विचार आला की तोसुद्धा पट्टी लावून येतो. कॉम्प्युटर मोडायचा नाही, हे पक्कं. तो अप्रामाणिकपणा झाला. पण त्याला मोडायची संधी द्यायला काय हरकत आहे? वस्तूलाही काही स्वातंत्र्य असतं. त्याने कव्हरं काढली, घडी करून कपाटात ठेवली आणि लहान मुलासारखा हुरळून झोपी गेला.

सुट्टीच्या सकाळी त्याने पहिली संधी दिली. त्याची खोली, बाथरूम आणि स्वयंपाकघर विजेच्या एकाच लाइनवर होती. बाथरूममध्ये गिझर चालू होता, स्वयंपाकघरात मिक्सर ओरडत होता. काटकोनाने कॉम्प्युटर सुरू केला आणि त्याच्याच शेजारी इस्त्री लावली. इस्त्री करायला कपडे नव्हते, म्हणून त्याने हातरुमाल घेतला. फट्! वीज गेली. त्याच्या काळजाचा ठोका चुकला तो आनंदाने. पळत जाऊन त्याने मीटरजवळचं पडलेलं बटण वर केलं, पळत परत आला. कॉम्प्युटरने पडद्यावर 'तपासणी चालू आहे' असं लिहिलं, आतल्या आत काहीतरी झाडलं, पुसलं, आणि तो पहिल्यापेक्षा निम्म्या वेळात उघडला.

पहिली तक्रार गेली.

"अहो!" स्वयंपाकघरातून हाक आली. "मिक्सर गेला!"

काटकोन धावला. बायको एका हाताने मिक्सरचं बटण फिरवत होती, दुसऱ्या हाताने भिंतीला टेकून उभी होती. धक्का बसला असेल बिचारीला, त्याला वाटलं.

"हूं नाही की चूं नाही," ती म्हणाली. "आता सांगा, चालत नाही तर काय करायचं?"

नियमाची ही बाजू काटकोनाने कधी तपासली नव्हती. "बदलायचं," तो म्हणाला. हातातला हातरुमाल अजून गरम होता.

संध्याकाळी नवा मिक्सर आला. खोकं फोडताना घरात जत्रा भरल्यासारखं झालं. मुलगी फुग्यांचा कागद फटाफट फोडत होती, अण्णा माहितीपुस्तक मोठ्याने वाचत होते. मिक्सर इतका हळू आवाज करायचा की बायको मधूनमधून कान लावून बघायची. काटकोनाला ते पाहून फार हेवा वाटला.

दुसरी संधी त्याने विचारपूर्वक दिली. बाहेरच्या खोलीत, अण्णांच्या टीव्हीशेजारी, एक डगमगतं स्टूल होतं. त्यावर घरात कुणी बसत नसे. काटकोनाने डबा उचलून त्या स्टुलावर ठेवला आणि तारा जोडून सुरू केला.

"तो इथं कशाला आणलास?" अण्णांनी विचारलं.

"हवा लागू दे जरा. आतल्या खोलीत कोंदट होतं."

"कुणाला?"

"त्यालाच."

अण्णांनी मुलाकडे बराच वेळ पाहिलं आणि पुन्हा पिवळ्या बातम्यांकडे वळले. काटकोन पाणी प्यायला आत गेला. ग्लास तोंडाला लावतो न लावतो तोच बाहेर धाड्‌ असा आवाज झाला. तो इतक्या उत्साहाने धावला की ग्लास हातातच राहिला. स्टूल आडवं पडलं होतं. डबा मात्र टीव्हीच्या टेबलाला घासत घसरला होता आणि खालच्या चटईवर अगदी सरळ, काटकोनात उभा होता. दिवा लागलेला. आणि आवाज? आवाजच नव्हता. पंख्याचं जे काही सुटलं होतं ते आपटल्याने जागेवर बसलं होतं. कण्हणं बंद.

दुसरी तक्रार गेली.

"अरे, माझा टीव्ही!" अण्णा ओरडले. पडदा काळा झाला होता. अण्णांचा एक हात कपाळावर होता, दुसरा मांडीवरच्या पांघरुणाखाली. "टेबल केवढं हादरलं! संपला टीव्ही. तुझ्या आईच्या वेळेपासूनचा होता."

काटकोनाला आईची आठवण झाली आणि अपराध्यासारखं वाटलं. दोन दिवसांत भिंतीवर एवढा मोठा टीव्ही लागला की बातम्या देणाऱ्याच्या दाढीचा केस न् केस मोजता यावा. अण्णा जेवायलाही उठेनात. "माणसं गोरी असतात रे!" ते पुन्हापुन्हा म्हणत होते.

आता काटकोनाला राहवेना. मेहुणा रोज फोन करून विचारायचा, "काय भावजी, काय ठरलं?" आणि मागे त्याच्या कॉम्प्युटरवर काहीतरी झपकन उघडल्याचा आवाज यायचा. तिसऱ्या संधीसाठी त्याने डबा परत आपल्या खोलीत नेला, चहाचा कप काठोकाठ भरला, कीबोर्डजवळ टेबलाच्या कडेला ठेवला आणि खोलीतून बाहेर जाऊन उभा राहिला. तो उभा होता तेवढ्यात मुलगी प्रिंट काढायला आत शिरली. तिने फोन टेबलावर ठेवला, कागद ओढला आणि कोपराने उरलेलं काम केलं.

"बाबा! चहा सांडला!"

"कुठे कुठे?" काटकोनाने इतक्या आशेने विचारलं की मुलगी चमकली.

चहा कीबोर्डभर झाला होता. त्याने कीबोर्ड पुसला, उलटा धरून झटकला, उन्हात वाळवला. परत लावला तर वर्षानुवर्षं अडकणारं लांब बटण लोण्यासारखं खाली जाऊन वर आलं. आतली जुनी घाण चहाने धुऊन काढली होती.

तिसरी तक्रार गेली. काटकोन खुर्चीत बसला. समोर एक निर्दोष कॉम्प्युटर होता.

"आणि माझा फोन?" मुलगी रडवेल्या आवाजात म्हणाली. फोनवर चहाचा एक थेंब होता, पण पडदा काळाशार. "लागतच नाहीये. दाबून बघा ना."

त्याने दाबून पाहिलं. लागला नाही. मुलगी दुसऱ्याच दिवशी नवा फोन हातात घेऊन मैत्रिणींकडे गेली आणि उशिरापर्यंत आली नाही.

घर कसं झगझगीत झालं होतं. एकच वस्तू जुनी होती आणि ती आता घरातली सगळ्यात तंदुरुस्त होती. "तुमचा मात्र जाम चिवट हं," बायको कौतुकाने म्हणाली. "हल्ली अशा वस्तू करत नाहीत."

रविवारी दुपारी तिने बाद झालेलं सामान माळ्यावर टाकायला सांगितलं. काटकोनाने मिक्सर उचलला आणि त्याला भरून आलं. तीन निरपराध वस्तू त्याच्या पायी गेल्या होत्या. निदान एखादी दुरुस्त करून गरजू माणसाला द्यावी, तेवढंच पाप हलकं होईल. त्याने सगळं आपल्या खोलीत नेलं, मिक्सर उघडण्याआधी एकदा खात्री म्हणून प्लग लावला आणि बटण फिरवलं.

घुर्रर्र! शेजारचं बाळ दचकून उठलं.

काटकोनाने बटण बंद केलं. पुन्हा फिरवलं. पुन्हा बाळ. मग एकदम त्याच्या डोळ्यांसमोर भिंतीला टेकलेला बायकोचा हात आला, आणि त्या हाताखाली भिंतीवर काय होतं तेही आलं. मग अण्णांचा पांघरुणाखालचा हात आठवला, आणि त्याने झटकन टीव्ही लावला. पिवळा माणूस बातम्या द्यायला लागला. त्याने मुलीचा फोन चार्जरला जोडला. दोन मिनिटांनी चिकटपट्टीखालून फोनने त्याला नमस्कार म्हटलं.

तो उठून वळला तेव्हा बाळाच्या रडण्याने सावध झालेलं सगळं घर दारात उभं होतं.

"चालतोय होय?" बायकोने विचारलं.

"चालतोय."

"त्या दिवशी नव्हता चालत."

"वस्तूंना विश्रांती लागते रे," अण्णा म्हणाले. "पडून राहिल्या की बऱ्या होतात."

"एका थेंबाने फोन गेला होता का गं?" काटकोनाने मुलीकडे पाहिलं.

"बाबा, बॅटरी संपली असेल. घाबरले होते ना मी."

काटकोनाने छाती फुगवली. गेल्या कित्येक वर्षांचं भाषण त्याच्या ओठांवर आलं. विश्वास, सचोटी, सरळपणा असे शब्द रांगेत उभे राहिले. त्याने तोंड उघडलं.

"मी काही विचारलं नाही हं," बायको शांतपणे म्हणाली, "की सुट्टीच्या दिवशी तुम्ही एकाच रुमालाला अर्धा तास इस्त्री कशाला करत होतात."

"मीही नाही," अण्णा म्हणाले. "की कॉम्प्युटरला हवा कशाला लागते."

"मी पण नाही," मुलगी म्हणाली. "की चहा कुठे सांडला हे विचारताना तुम्ही हसत का होतात."

काटकोनाने तोंड मिटलं. मागे पिवळा माणूस उद्याचं हवामान सांगत होता. मग काटकोनाने घसा साफ केला, आणि आयुष्यात पहिल्यांदाच जरासा तिरका उभा राहून म्हणाला,

"माझा कॉम्प्युटर बंद पडलाय."

त्याच्या पाठीमागे पडद्यावर चार मजली इमारत लख्ख उजळली होती.

"अरेरे," अण्णा म्हणाले. "कधी?"

"आत्ताच."

"दिवा लागलाय की पण," मुलगी म्हणाली.

"शेवटचा आहे," काटकोन म्हणाला.

बायकोने मान हलवली. कपाट उघडून तिने घडी केलेलं फुलाफुलांचं कव्हर काढलं, पुढे आली आणि उजळलेल्या पडद्यावर हळूच ओढून चारी बाजूंनी नीट केलं. कापडावरची फुलं आतून प्रकाशली. अण्णांनी चष्मा काढून हातात धरला. मुलगी नव्या फोनवर दुकान किती वाजेपर्यंत उघडं असतं ते बघायला लागली.

सगळे चपला घालत असताना कव्हराखालून टिंग असा आवाज झाला. कुणाची तरी मेल आली होती. चौघांपैकी एकानेही तिकडे पाहिलं नाही.